‘आत्मवृत्ता’तील विद्यार्थी : स्वनियमनाच्या विचाराची एक कसोटी

१

महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याची सिद्धता कशावरून ठरवावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा गुणपत्रिकेवरून दिले जाते. बारावीच्या परीक्षेत अमुक टक्के मिळाले म्हणजे विद्यार्थी पुढील अभ्यासास पात्र झाला, असे गृहीत धरण्यात येते. प्रथम वर्षास शिकविणाऱ्या अध्यापकाचा अनुभव मात्र या गृहीताला सहजासहजी दुजोरा देत नाही. उत्तम गुण मिळवून आलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात निबंध वेळेवर देत नाही; वाचावयाचे पुस्तक परीक्षा आठ दिवसांवर आल्यावर शोधू लागतो; एका विषयात मागे पडला की उरलेल्या विषयांचाही धीर सोडतो; आणि अडले असता कोणास विचारावे, हेही त्यास सुचत नाही. बीड, धाराशिव, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतून पुण्यास आलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हे चित्र अधिक ठळक दिसते; तथापि पुण्यातच वाढलेली मुलेही त्यास अपवाद नाहीत.

या अवस्थेचे निदान परंपरेने दोन शब्दांत केले जाते : आळस आणि बेफिकिरी. गेल्या काही दशकांत मानसशास्त्राने तिला निराळे नाव दिले असून ‘कार्यकारी कौशल्ये’ हा शब्दप्रयोग आता शिक्षणविषयक चर्चेत रूढ होऊ लागला आहे. विद्यार्थ्याजवळ बुद्धी असते, ज्ञानही असते. परंतु त्या दोहोंना कामास लावणारी, त्यांचा क्रम ठरविणारी आणि मोह आवरणारी जी शक्ती, ती पुरेशी घडलेली नसते, असे हे निदान सांगते. आळसाचा आरोप करण्यापेक्षा हे निदान अधिक न्याय्य आहे, यात शंका नाही. परंतु ते पुरेसे आहे काय, आणि त्यावरून योजिलेले उपाय योग्य दिशेने जातात काय, याची तपासणी अद्याप व्हावयाची आहे.

ही तपासणी एखाद्या मराठी ग्रंथाच्या आधारे करता येईल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. विधवाविवाह, अनाथ बालिकाश्रम आणि स्त्रीशिक्षण यांच्या इतिहासाचे साधन म्हणून ते आजवर वाचले गेले आहे. त्याच्या आरंभीची विद्यार्थिदशेची प्रकरणे वाचक सामान्यतः प्रस्तावना म्हणून ओलांडून जातो. वास्तविक, आपले शिक्षण आपण कसे चालविले, याचा इतका बारीक आणि निरलंकृत वृत्तांत त्या काळच्या मराठीत क्वचितच आढळतो. नव्या संकल्पनेच्या प्रकाशात तो वाचणे आणि त्याच्या प्रकाशात ती संकल्पना पाहणे, अशी दुहेरी समीक्षा येथे योजिली आहे.

२

प्रथम संकल्पनेची रूपरेषा. मेंदूच्या अग्रभागास इजा झालेल्या रुग्णांची बुद्धी व भाषा शाबूत राहूनही त्यांस योजनापूर्वक वर्तन करता येत नाही, ही गोष्ट वैद्यकास एकोणिसाव्या शतकापासून परिचित होती. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास तिचा पद्धतशीर अभ्यास केला. १९७४ मध्ये अ‍ॅलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी ‘कार्यस्मृती’ची कल्पना मांडली : एखादे काम चालू असता आवश्यक तेवढा मजकूर मनाच्या हाताशी धरून ठेवण्याची ही शक्ती होय. २००० साली अकिरा मियाके व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या संशोधनातून तीन व्यापार वेगळे करून दाखविले : मनातील मजकूर अद्ययावत करीत राहणे, एका कामावरून दुसऱ्याकडे लक्ष वळविणे, आणि सहज उसळणारी प्रतिक्रिया आवरणे. हे तीन व्यापार भिन्न असूनही परस्परांशी निगडित आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. नियोजन, वेळेचा अंदाज, अग्रक्रम ठरविणे, चुकीवरून मार्ग बदलणे इत्यादी कौशल्ये या तिन्हींच्या संयोगातून उभी राहतात, असे मानले जाते. मेंदूच्या ज्या भागाशी त्यांचा विशेष संबंध आहे, त्याचा विकास विशी ओलांडल्यानंतरही चालू राहतो. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडून ज्या सिद्धतेची अपेक्षा केली जाते, ती त्या वयात स्वभावतःच अपुरी असते.

शब्द नवा असला तरी विषय मराठी मनास अपरिचित नाही. अवधान, नेम, यत्न, साक्षेप हे शब्द याच प्रदेशातील आहेत. ‘दासबोधा’त यत्नाच्या शिकवणीला स्वतंत्र समास मिळाला आहे; दिवस कसा घालवावा आणि लेखन कसे करावे, हेही समर्थांनी तपशिलाने सांगितले आहे. फरक एवढाच की, परंपरा या गुणांकडे उपदेशाचा विषय म्हणून पाहते, तर मानसशास्त्र त्यांकडे मोजमापाचा विषय म्हणून पाहते. दोहोंमध्ये एक साम्यही आहे व ते चिंत्य आहे. दोन्ही दृष्टी या गुणांची जागा व्यक्तीच्या आत कल्पितात. उपदेश ऐकून किंवा सराव करून व्यक्तीने ते आपल्या ठिकाणी वाढवावेत, अशी दोहोंची अपेक्षा असते.

सरावाविषयीचा पुरावा मात्र फारसा उत्साहजनक नाही. कार्यस्मृतीच्या प्रशिक्षणावरील अनेक संशोधनांचा एकत्र आढावा मोनिका मेल्बी-लेर्वाग व चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये घेतला. ज्या प्रकारचा सराव केला, त्या प्रकारच्या कसोट्यांत तात्पुरती सुधारणा होते. परंतु तिचा लाभ वाचन, गणित आदी निराळ्या कामांपर्यंत पोहोचत असल्याचा विश्वसनीय पुरावा त्यांस आढळला नाही. यावरून असे म्हणता येईल की, ही शक्ती कामापासून अलग काढून घासूनपुसून तयार करता येत नाही; ती त्या त्या कामातच घडते. मग कोणत्या कामात व कशा परिस्थितीत ती घडते, हा प्रश्न उरतो. येथे ‘आत्मवृत्ता’ची साक्ष उपयोगी पडते.

३

१८७५ च्या सप्टेंबरात कोकणातील मुरूड गावचा धोंडू कर्वे हा सतरा वर्षांचा मुलगा मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेस निघाला. शिक्षकाची अथवा सरकारी खात्यातील लहानशी नोकरी मिळावयाची तर ही परीक्षा उतरणे आवश्यक होते. पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद असल्याने मुंबईस जाणे शक्य नव्हते. तेव्हा त्याने व त्याच्या सोबत्यांनी साताऱ्याचे केंद्र निवडले, आणि कुंभार्ली घाटाने सुमारे ११० मैलांची वाट चार दिवसांत पायी तोडली. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षा समितीपुढे उभे राहताच त्याच्या वयाविषयी शंका घेण्यात आली. परीक्षार्थीचे वय किमान सतरा असावे, असा नियम होता. त्याच्याजवळ वयाचा दाखला होता. परंतु तो सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्या कारणावरून त्यास परीक्षेस बसू देण्यात आले नाही.

हा प्रसंग चिकाटीचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत पुष्कळदा येतो. त्या रूपात तो वाचला म्हणजे त्याचा अर्धा अर्थ हरवतो. कार्यकारी कौशल्यांची आज जी यादी केली जाते, ती या प्रवासात जवळजवळ पूर्णपणे आढळते. नेहमीचा मार्ग बंद होताच दुसरे केंद्र निवडणे, अंतर व दिवस यांचा मेळ घालणे, वाटेतील थकव्यास न जुमानता ठरलेल्या दिवशी पोहोचणे, आवश्यक कागद बरोबर घेणे, या सर्व गोष्टी त्या मुलाने केल्या. योजनेत उणीव नव्हती आणि तिच्या अंमलातही नव्हती. तरीसुद्धा ती फसली. ज्या संस्थेच्या दारी तो पोहोचला, तिने कागदावरील पुराव्यापेक्षा डोळ्यांना दिसणारे रूप प्रमाण मानले. स्वनियमनाच्या चर्चेत या अर्ध्या भागाचा विचार फारच क्वचित होतो. विद्यार्थ्याची योजना फसली म्हणजे दोष त्याच्या नियोजनशक्तीचाच असावा, असा आपला कल असतो. ‘आत्मवृत्ता’तील साक्ष अशी की, योजना निर्दोष असूनही दार बंद होऊ शकते, आणि दार उघडण्याचे उत्तरदायित्व आत बसलेल्यांवरही असते.

कर्व्यांनी ही निराशा लपविलेली नाही. तिचा घाव खोल गेल्याचे ते सांगतात. परंतु समितीविरुद्ध त्यांनी अधिक्षेपाचे शब्द वापरलेले नाहीत, की स्वतःच्या सहनशीलतेचा गौरवही केलेला नाही. पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, कोल्हापूरच्या केंद्रावर ते ती परीक्षा उतरले, एवढे सांगून वृत्तांत पुढे जातो. या ठिकाणी चिकित्सक वाचकाने थांबावयास हवे. त्या मधल्या वर्षात मुलगा का खचला नाही? ‘आत्मवृत्ता’त याचे उत्तर स्वतंत्रपणे मांडलेले नाही, परंतु ते आधीच्या पानांत विखुरलेले आहे. मुरूडला सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. गावातील मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम त्यांनी या मुलाकडे दिले होते. काम लहान होते, परंतु खरे होते. ऐकावयास येणारी माणसे ठरल्या वेळी येऊन बसत आणि वाचणारा आला नाही तर ती खोळंबत. अशा कामातून दोन गोष्टी साधतात. पहिली, वेळ ही आपल्या सोयीची वस्तू नसून दुसऱ्याशी केलेला करार आहे, ही जाणीव. दुसरी, आपल्यावाचून कोणाचे तरी काम अडते, हा आत्मप्रत्यय. साताऱ्याच्या समितीने ज्याला लहान ठरविले, त्याला मुरूड गावाने आधीच मोठे मानलेले होते. अपयश पचविण्याची शक्ती त्याच्यात आली ती बऱ्याच अंशी या मान्यतेतून, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

४

इंग्रजी शिक्षणाचा कर्व्यांचा प्रवास उशिरा सुरू झाला. पंधराव्या वर्षी त्यांचा विवाह राधाबाईंशी झालेला होता. मध्यंतरी आजारपणाने खंड पडला. मुंबईस रॉबर्ट मनी शाळेत शिकून १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते गणित विषय घेऊन बी. ए. झाले. या सर्व काळात खासगी शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला. पुढे १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले.

या वृत्तांताचा पोत लक्षणीय आहे. अंतर मैलांत, मुदत दिवसांत, मिळकत रुपयांत सांगण्याकडे लेखकाची प्रवृत्ती आहे. भावनेचा आवेग आला की वाक्य आखूड होते. अलंकाराचा सोस नाही. एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल लिहावा तशी ही भाषा चालते, आणि हे साम्य आकस्मिक नाही : ‘आत्मवृत्त’ लिहिले तेव्हा लेखकाचे वय सत्तावन्न होते, आणि १८९६ पासून संस्थेचा पैन्‌पैचा हिशेब समाजापुढे ठेवण्यात त्याची वीस वर्षे गेलेली होती. अर्थात् येथे समीक्षकास सावध राहावे लागते. विद्यार्थिदशेतील धोंडू जितका व्यवस्थित दिसतो, तितका तो खरोखर होता काय? की पुढील आयुष्यात कमावलेली शिस्त लेखकाने मागील आयुष्यावर पसरली? आत्मचरित्रात हा धोका सदैव असतो. ज्याचा शेवट ठाऊक आहे, त्या मार्गातील प्रत्येक वळण हेतुपूर्वक घेतल्यासारखे भासू लागते.

तथापि ग्रंथातच या शंकेचे अंशतः निरसन होते. आपला भिडस्त स्वभाव, चारचौघांत बोलताना होणारी कुचंबणा, शिक्षणातील खंड, वर्गसोबत्यांपेक्षा वाढलेले वय, या गोष्टी लेखकाने झाकलेल्या नाहीत. व्यवस्थितपणाचा साचा नंतर बसविला असता तर या खाचा बुजविल्या गेल्या असत्या. शिवाय शिकवण्यांचा तपशील बोलका आहे. दुसऱ्यास शिकवावयाचे म्हणजे वेळ पाळावी लागते, स्वतःला काय समजले आहे ते तपासावे लागते, आणि आपला अभ्यास उरलेल्या तासांत बसवावा लागतो. दारिद्र्याने लादलेले हे काम होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या रचनेत शिक्षणशास्त्राने घेण्याजोगे काही आहे, हेही नाकारता येत नाही.

५

एका ग्रंथावरून सिद्धांत काढणे मात्र धोक्याचे असते. जे पोहोचले त्यांचीच आत्मचरित्रे लिहिली जातात. वाटेत राहिलेल्यांची साक्ष मिळत नाही. कर्व्यांबरोबर साताऱ्याची वाट चाललेल्या सोबत्यांचे अंतरंग आज कोणास ठाऊक नाही. म्हणून ‘आत्मवृत्ता’शेजारी दुसऱ्या साक्षी ठेवून पाहणे अगत्याचे आहे.

त्यांतील सर्वांत जवळची साक्ष त्याच घरातील आहे. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. देवरुखच्या गोदूबाई बालपणीच विधवा झाल्या. भाऊ नरहरपंत जोशी हे कर्व्यांचे स्नेही. त्यांच्या आधाराने गोदूबाई मुंबईस आल्या आणि १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झाल्या. त्या वेळी त्यांची विशी उलटलेली होती आणि अक्षरओळखीपासून आरंभ करावयाचा होता. १८९३ मध्ये कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. दोन्ही ग्रंथ लागोपाठ वाचले असता शैलीतील अंतर प्रथम जाणवते. पतीचे लेखन हिशेबाच्या वहीसारखे, तर पत्नीचे ओसरीवरील बोलण्यासारखे. ‘पुराण’ हे नावही तिने आपल्याच बोलण्याकडे हसून पाहत घेतल्यासारखे वाटते. परंतु हे अंतर केवळ स्वभावाचे नाही. ज्याला दिवसाचे काही तास आपले म्हणता येतात, त्याच्या आठवणी क्रमवार लागतात. जिचे शिकणे कामाच्या, सुतकांच्या, लोकापवादांच्या खिंडीतून वाट काढीत चालते, तिच्या आठवणींनाही तसेच वळण पडते. आनंदीबाईंच्या ठिकाणी नियोजनशक्ती कमी होती, असे म्हणण्याचे धाडस त्यांचे पुस्तक वाचलेला कोणी करणार नाही. तिचा बराच भाग इतरांचे दिवस सुरळीत चालविण्यात खर्ची पडत होता, एवढेच म्हणता येईल. ज्या विद्यार्थ्याला आपण स्वावलंबी म्हणतो, त्याच्या स्वावलंबनामागे अशी कोणाची तरी नियोजनशक्ती बहुधा उभी असते.

दुसरी साक्ष डॉ. भीमराव आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेची. परळच्या चाळीतील एका खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास सर्व काही चालत असे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात नोंद आहे ती अशी : भीमराव लवकर निजत; वडील रामजी जागे राहत, रात्री दोनच्या सुमारास मुलास उठवीत आणि मग स्वतः निजत. १९०७ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. येथे नियोजन, वेळेची वाटणी, अडथळ्याचे निवारण हे सर्व आहे. मात्र त्याचा कर्ता एकटा मुलगा नाही. पिता हाच काही काळ मुलाच्या स्वनियमनाचे बाह्य अंग झाला. लेव्ह व्हिगोट्स्की यांनी १९३० च्या दशकात असे प्रतिपादिले होते की, मनाचे वरच्या पातळीवरील व्यापार आधी माणसामाणसांत घडतात आणि नंतर व्यक्तीच्या आत वस्तीला येतात. परळच्या खोलीतील ती रात्र या प्रतिपादनाचे जिवंत उदाहरण होय.

अलीकडील संशोधनही याच बाजूला झुकते. वॉल्टर मिशेल यांचा मुलांच्या संयमाविषयीचा प्रयोग सुप्रसिद्ध आहे : समोरचा खाऊ लगेच न खाता थांबणारी मुले पुढे अभ्यासात सरस ठरतात, असे त्यावरून सांगितले गेले. २०१८ मध्ये टायलर वॉट्स व सहकाऱ्यांनी अधिक मोठ्या व विविध मुलांच्या गटावर ही गोष्ट पडताळून पाहिली, तेव्हा तो संबंध बराच क्षीण आढळला. आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तर तो फारच थोडा उरला. २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर व जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील ऊस उत्पादकांच्या कसोट्या घेतल्या. तोच शेतकरी तोडणीपूर्वी, हाती पैसा नसता, लक्ष व नियंत्रणाच्या कसोट्यांत कमी पडला आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर सुधारला. माणूस तोच होता. मनावरील भार तेवढा बदलला होता. ज्या विद्यार्थ्याला महिनाअखेरीस खाणावळीचे पैसे कसे द्यावे याची विवंचना आहे, त्याच्या विसराळूपणाचा विचार करताना हा निष्कर्ष ध्यानी ठेवावयास हवा.

६

पुणे शहराने विद्यार्थ्याच्या या बाह्य आधाराची अनेक रूपे पाहिली आहेत. मधुकरी मागून आणि वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपरा त्यांतील सर्वांत जुनी. सात दिवसांची सात घरे लक्षात ठेवावयाची, प्रत्येक घराची वेळ व रीत सांभाळावयाची, एखादे घर चुकले तर पर्याय शोधावयाचा, आणि या सर्वांत पाठ चुकवावयाचा नाही. कार्यस्मृतीची याहून कठोर तालीम कल्पिता येणार नाही. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानेही, जे आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखले जाते, आरंभीची वर्षे मधुकरीवर काढली. परंतु या परंपरेचे स्मरणरंजन करताना तिची मर्यादा विसरून चालणार नाही. वारांची घरे जातीच्या कुंपणात होती. ज्या मुलास त्या ओसरीवर बसावयाची मुभाच नव्हती, त्याच्या वाट्यास ही तालीमही आली नाही आणि अन्नही आले नाही.

हे कुंपण ओलांडण्याचे काम पुण्याबाहेर झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत व श्रम करीत. त्यांच्या नावाने चालणारी ‘कमवा व शिका’ योजना आज पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांतही आहे. पुण्यातच १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली व ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय केली. १९६२ मध्ये डॉ. वि. वि. पेंडसे यांनी स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीने प्रज्ञावान विद्यार्थ्यांसाठी निराळा मार्ग चोखाळला : प्रकल्प, गटकार्य, आणि कुमारवयात जाणीवपूर्वक घ्यावयाचे विद्याव्रत. हा प्रयोग मोलाचा आहे. मात्र निवडलेल्या बुद्धिमान मुलांवरून मिळालेले फळ सर्वांना लागू करता येत नाही. या सर्व उपक्रमांत एक समान सूत्र मात्र दिसते : विद्यार्थ्याच्या हाती काहीतरी खरे काम सोपविलेले असते, आणि ते पार पाडताना कोणीतरी त्याच्याजवळ उभे असते.

आजच्या पूर्वतयारीच्या रीतीत हे सूत्र नेमके उलटे झाले आहे. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधातील पहिली दहावीची परीक्षा झाली आणि अकरावी-बारावी ही दोन वर्षे शाळा व पदवी यांमधील पूल ठरली. कालांतराने प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांनी हा पूल व्यापला. तेथे विद्यार्थ्याचा दिवस तासातासाने दुसऱ्या कोणी आखलेला असतो. काय वाचावे, किती उदाहरणे सोडवावीत, केव्हा उजळणी करावी, हे छापील तक्त्यात दिलेले असते; गैरहजेरीचा निरोप तत्काळ पालकांच्या भ्रमणध्वनीवर जातो. अशा दोन वर्षांत ज्ञानाचा साठा वाढेल, परंतु निर्णय घेण्याचा प्रसंग क्वचितच येईल. आणि मग जून-जुलैत पदवीचा वर्ग सुरू होताच हा सारा आधार एका दिवसात काढून घेतला जातो. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर व गेल रॉस यांनी १९७६ मध्ये शिकविणाऱ्याच्या साहाय्याला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. परांची भिंतीबरोबर चढते आणि भिंत वाळत जाईल तशी उतरविली जाते. येथे मात्र भिंत बांधण्याऐवजी परांचीच उंच केली जाते आणि एके सकाळी ती ओढून काढली जाते. मागे जे कोसळते त्याला आपण विद्यार्थ्याचा आळस म्हणतो.

यावर काही महाविद्यालये आरंभीच्या आठवड्यात वेळेच्या नियोजनावर व्याख्यान ठेवतात, दैनंदिनी वाटतात. हेतू चांगला असला तरी हा उपाय दुबळा आहे. दैनंदिनी हे साधन आहे. तिच्यात लिहावयाचा निर्णय ज्याने कधी घेतलेला नाही, त्याच्या हातात ती कोरीच राहते. त्यामानाने पीटर गोल्वित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार अधिक कामाचा आहे. ‘अभ्यास करीन’ असा मोघम संकल्प करण्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक प्रसंग येताच अमुक करीन’ असा बांधलेला संकल्प तडीस जाण्याची शक्यता अधिक असते. मुरूडच्या मुलाचे रोजचे वाचन हा असाच बांधलेला संकल्प होता. फक्त त्याच्या दुसऱ्या टोकास ऐकणारी माणसे बसलेली होती.

७

‘आत्मवृत्ता’च्या वाचनातून कार्यकारी कौशल्यांची संकल्पना खोटी ठरत नाही, ती अपुरी ठरते. विद्यार्थ्याचे कर्तेपण त्याच्या मनात वसते हे खरे. परंतु ते तेथे येते बाहेरून, आणि टिकते तेही बाहेरच्या आधाराने. खरे व बेताचे काम, ते वेळेवर व्हावे म्हणून खोळंबणारी माणसे, चूक दुरुस्त करण्यास मिळणारे दुसरे वर्ष, आणि हळूहळू मागे सरणारा वडीलधारा हात, या चार गोष्टी कर्व्यांच्या वाट्यास आल्या. पहिल्या तीन तरी महाविद्यालयास प्रत्येक विद्यार्थ्यासाठी उपलब्ध करून देता येतात. पहिल्या सत्रात दीर्घ निबंधाऐवजी टप्प्याटप्प्याने तपासले जाणारे लहान काम द्यावे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वाङ्मय मंडळ यांतील एखादी जबाबदारी निवडक हुशार मुलांपुरती न ठेवता सर्वांना आळीपाळीने द्यावी. पहिले अपयश अंतिम मानू नये. आणि ज्यास पैशाची विवंचना आहे त्याची ती प्रथम हलकी करावी, मग त्याच्या दैनंदिनीची चौकशी करावी. यांतील कोणत्याही गोष्टीस फार मोठा खर्च नाही. अध्यापकाचा वेळ मात्र लागतो, आणि तो देण्याची तयारी आहे की नाही, हाच यातील खरा प्रश्न आहे.

साताऱ्याच्या त्या समितीने दाखला बाजूस ठेवून चेहरा पाहिला. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पुण्याच्या महाविद्यालयांपुढे असेच पुष्कळ चेहरे उभे राहतात. कोणी गबाळा, कोणी बावरलेला, कोणी उशिरा पोहोचलेला. तो किती वाट चालून आला आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. ते विचारावे लागते.